एकोणतिसाचा पाढा आणि चौथी सुपारी

मुलुंड,
८ जून १९८६

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. खरं तर जयवंतने नवीन लोखंडी कपाट आणल्यापासून आमच्या खोलीत आडवं पडायला जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घ्या.

सोबत रजिस्टर पार्सलने एक पुस्तक पाठवतेय. आधी रागावून घ्या, मग वाचा. पुस्तक जादूचं आहे. घाटकोपरला रद्दीवाल्याकडे मिळालं. कव्हर नाही, त्यामुळे नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. आत नुसते हातच हात काढलेत. नाणं धरलेले, अक्रोड धरलेले. सगळं इंग्रजीत आहे आणि माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, मॅट्रिकला तुम्हीच मला धक्का मारून पस्तीसवर नेलंत.

जादू कशाला, असं विचाराल. सांगते. मागच्या महिन्यात आमच्या कंपनीचं वार्षिक संमेलन झालं. त्यात एक जादूगार आणला होता. त्याला एक बाई हवी होती स्टेजवर. सगळ्यांनी मला ढकललं. त्याने माझ्या अंबाड्यातून अंडं काढलं आणि अख्खं पॅकिंग डिपार्टमेंट खो खो हसलं. पण मामा, मला दिसलं! अंडं आधीपासून त्याच्या डाव्या मुठीत होतं. अहो, मी दहा वर्षं दुसरं काय करतेय? खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून येतात, त्यांना बुचं लावायची. दोन बुचं करंगळीत दाबून धरायची, बाकीच्या बोटांनी बाटली फिरवायची. माझी करंगळी कायमची वाकडी झालीय त्यापायी. तो टाय लावून जे करत होता ते मी रोज आठ तास करते, आणि टाळ्या त्याला!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. तुम्ही रिटायर आहात, वेळ आहे. एकेक जादू मराठीत लिहून पाठवाल का? मामीला नमस्कार.

तुमची,
प्रेमा


कुडाळ,
२१ जून १९८६

चि. सौ. प्रेमा,

आशीर्वाद. पार्सल पोचले. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. त्या येथे देत नाही, कारण कागद पुरणार नाही.

मी चौतीस वर्षे वर्गात मुलांच्या बंद मुठी उघडून चिंचोके, गोट्या आणि एकदा जिवंत बेडूक बाहेर काढला. आता म्हातारपणी मुठीत वस्तू लपवायची कशी याचे भाषांतर करायचे! तुझ्या आईने मला राखी बांधली नसती तर पुस्तक परत पाठवले असते.

पहिला प्रयोग सोबत स्वतंत्र कागदावर देत आहे. नाणे उजव्या हातातून डाव्या हातात दिल्यासारखे करायचे आणि द्यायचे नाही. आकृत्या मी स्वतः काढल्या आहेत. बोटे भेंड्यांसारखी दिसतील, पण क्रम अचूक आहे. लेखक कोटाच्या बाहीबद्दल पुष्कळ सांगतो. तुला बाही कोपरापर्यंत. म्हणून मी तो भाग गाळला नसून त्याखाली टीप दिली आहे, ती वाच: पदर घट्ट खोचून घ्यावा. नाहीतर लोक म्हणतील, पदरात लपवले.

प्रयोग तुझ्या मामीसमोर करून पाहिला. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, दुसऱ्या हातात आसा. तिला मोतीबिंदू आहे. यावरून सराव किती लागेल ते समज.

आणि कामावर असताना जादू करू नकोस. बुचे नीट लाव. आम्हीही ते औषध पितो.

अनंत सामंत


मुलुंड,
३ ऑगस्ट १९८६

ती. मामा,

झकास! नाणं बसलं, गाठ बसली, दोरा तोडून जोडायचाही बसला. तुमची भेंडीची बोटं मला आता पाठ झालीत. डब्याच्या सुट्टीत नीलाचं कानातलं गायब केलं तर ती रडकुंडीला आली, मग तिच्याच पोळीच्या घडीतून काढून दिलं. आता सगळ्याजणी मला ‘मास्तरीण’ म्हणतात. जयवंत म्हणतो, पगार गायब करू नकोस म्हणजे झालं. पण रात्री माझ्या सरावासाठी मूठ धरून समोर बसतो बिचारा, कुरकुर न करता.

आता खरी गोष्ट. घाटकोपरला उपनगर जादूगार मंडळ म्हणून आहे. दर महिन्याला एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात, एकमेकांना जादू दाखवतात, आणि कुठे कार्यक्रम असेल तर मंडळाकडूनच माणूस जातो. मी गेले. तीस पुरुष आणि मी. अध्यक्ष प्रोफेसर चंद्रप्रकाश. प्रोफेसर कशाचे ते कोणी विचारत नाही. मला म्हणाले, ‘ये ना, असिस्टंट पाहिजेच आहेत. ड्रेस मंडळाचा.’

मामा, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मी पेटीत बसायला आले नाही, पेटी उघडायला आलेय. ते हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मग म्हणाले, ‘ठीक. चौदा डिसेंबरला परीक्षा. एकच जादू कर, आमच्या हाताच्या अंतरावर बसून. आम्ही तिघं परीक्षक पकडू शकलो नाही, तर सभासद. पकडलं तर ड्रेस घाल. पण एक लक्षात ठेव, बाजारात मिळणारी सगळी पुस्तकं आम्ही वाचलीत.’

मी हो म्हणून आले. आता तुमच्यावर आहे. पाठवण्याआधी मी पुस्तक चाळलं होतं. शेवटच्या प्रकरणात एक चित्र आहे, जादूगार स्वतःची नाही, समोरच्याची मूठ मिटवतोय. म्हणजे जादू त्याच्याच हातात होणार! मला तीच हवी. बाकी काही नको. लवकर पाठवा.

प्रेमा


कुडाळ,
२५ ऑगस्ट १९८६

चि. प्रेमा,

कार्डावर भागवतो. शेवटचे प्रकरण फार किचकट आहे. भाषा जुनी आहे. घाईत केलेले भाषांतर मी विद्यार्थ्यांकडूनही घेत नसे. धीर धर. येथे हवा दमट आहे, बाकी क्षेम.

अ. सा.


कुडाळ,
१२ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. प्रेमा,

आशीर्वाद. उशीर झाला खरा, पण काम पुरे झाले. नीट वाच.

पुस्तकात अक्रोड आहेत. आपण सुपाऱ्या घेऊ, अख्ख्या, सोललेल्या, सारख्या आकाराच्या. आपल्या बागेतल्या सोबत पाठवत आहे.

पहिली पायरी: लोकांना तीन सुपाऱ्या दाखवायच्या. चौथी तुझ्या हातात आधीपासून लपलेली. तिचा कोणाला पत्ता नाही.

दुसरी पायरी: समोरच्याला हात पुढे करायला सांग. दोन सुपाऱ्या त्याच्या तळव्यावर ठेवताना चौथीही त्यांच्याबरोबर गेली पाहिजे, आणि त्याच क्षणी त्याची मूठ तू मिटवायचीस. आता त्याच्या मुठीत तीन आहेत, तो समजतो दोन. उरलेली एक तू उघड हातात घेऊन गायब करतेस. तो मूठ उघडतो. तीन!

तिसरी पायरी: चौथी सुपारी आधी अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरावी. पंजा मोकळा दिसला पाहिजे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. माणसाला मुठीत दोन आणि तीन यांतला फरक कळतो. तो कळू नये म्हणून मूठ मिटताक्षणी त्याला एकोणतिसाचा पाढा म्हणायला सांगावे. दहाचा नव्हे, बाराचा नव्हे. एकोणतिसाचाच. पाढा आठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातात काय आहे ते कळत नाही. असे लेखकाचे मत आहे.

पंधरा दिवस रोज सकाळी सराव कर. शंका असल्यास विचार.

अनंत सामंत


मुलुंड,
९ नोव्हेंबर १९८६

ती. मामा,

जमलं! जयवंतवर केलं तेव्हा तो ‘एकोणतीस त्रिक’ला अडकला आणि मूठ उघडून बघत बसला. मग म्हणाला, ‘परत कर.’ परत केलं. तिसऱ्यांदा केलं. शेवटी सुपारी कातरून बघितली त्याने, आत काय आहे ते!

ते साहेब लोकसुद्धा एकोणतिसाचा पाढा शिकतात हे वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, हा छळ फक्त आपल्या शाळेत.

तिसऱ्या पायरीला थोडा वेळ लागला, पण बसलं सगळं. तुम्ही काळजी करू नका. चौदा डिसेंबरला रविवार आहे. मामीला सांगा, देवाला एक नारळ कबूल कर.

प्रेमा


मुलुंड,
१५ डिसेंबर १९८६

ती. मामा,

काय सांगू! सांगायलाही लाज वाटते आणि फुशारकीही मारावीशी वाटते.

काल टेबलाला तिघं बसले. मधे चंद्रप्रकाश. मी पदर खोचला, बांगड्या काढून ठेवल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे. चंद्रप्रकाशांच्याच हातात सुपाऱ्या दिल्या, मूठ मिटवली, म्हटलं, ‘सर, एकोणतिसाचा पाढा म्हणा.’ ‘काय?’ ‘म्हणा तर!’ सगळा हॉल हसला. चारपर्यंत गेले, पाचाला अडकले, मागून कोणीतरी सांगायला लागलं, तेही चुकलं. मी माझी सुपारी गायब केली. त्यांनी मूठ उघडली.

मामा, तीन! तीस पुरुष खुर्च्या सोडून टेबलाकडे सरकले.

दुसऱ्याने हात पुढे केला. त्यालाही तीन. तिसरा म्हणाला, मी पाढा म्हणणार नाही. मग म्हटलं, ‘येत नसेल तर राहू द्या.’ त्याला राग आला आणि म्हणायला लागला. त्यालाही तीन!

मला वाटलं, झालं. पण चंद्रप्रकाशांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘कुठून आणलीस?’ म्हटलं, पुस्तकातून. म्हणाले, ‘कोणत्या इंग्रजी पुस्तकात एकोणतिसाचा पाढा असतो? तीस वर्षं वाचतोय मी.’ मग तो तिसरा म्हणाला, ‘कोणा जादूगाराच्या घरचं दिसतंय. काढून आणलं असेल.’ म्हणजे चोरलं! माझ्या तोंडावर!

मंडळाचा नियम आहे, दुसऱ्याची जादू चोरून आणली तर जन्मात सभासद होता येत नाही. अकरा जानेवारीला पुढची सभा. तोपर्यंत पुस्तक आणून पान दाखव, म्हणाले.

तर पुस्तक रजिस्टरने ताबडतोब पाठवा. शेवटच्या प्रकरणात खूण घाला. मी ते पान त्या तिसऱ्याच्या नाकासमोर धरणार आहे.

प्रेमा


मुलुंड,
२७ डिसेंबर १९८६

ती. मामा,

पत्र मिळालं नाही का? पुस्तकही नाही. तब्येत बरी आहे ना? अकरा तारखेला आता दोनच आठवडे. पान मिळालं नाही तर मी चोर ठरते. कृपा करून लगेच पाठवा.

प्रेमा


कुडाळ,
३० डिसेंबर १९८६

चि. प्रेमा,

तुझे पंधरा तारखेचे पत्र वीस तारखेलाच मिळाले. आज दुसरे आले. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण ते लिहिण्याचे धैर्य नव्हते. आता लिहितो.

ते पान नाही. पुस्तक मी माडीवरच्या पेटीत ठेवले होते. ऑगस्टात काढायला गेलो तर वाळवीने शेवटची तीस पाने खाल्ली होती. उरला तो भुसा. तू विश्वासाने पाठवलेली वस्तू माझ्या घरी, माझ्या निष्काळजीपणाने गेली. मी मुलांना पुस्तके कशी सांभाळावीत यावर दरवर्षी जून महिन्यात भाषण देत असे.

तुला कळवायला हवे होते. कार्ड घेऊन बसलो, आणि ‘हवा दमट आहे’ एवढेच लिहू शकलो. तुझी परीक्षा, तो ड्रेस, सगळे डोळ्यांसमोर येत होते. मग म्हटले, चित्रात काय होते ते तू सांगितले आहेस, दुसऱ्याची मूठ. बाकी माणसाची मूठ मला ठाऊक आहे. चौतीस वर्षे त्याच उघडल्या. फळ्यापाशी उभे राहून पाढा आठवणाऱ्या मुलाच्या हातून मी खडू काढून घेत असे आणि त्याला पत्ता लागत नसे. तेथून सुरुवात केली. दीड महिना सुपाऱ्या घेऊन बसलो. तुझी मामी शेजारी सांगत होती, ह्येंका म्हातारपणी काय झाला?

तो प्रयोग कोणाही लेखकाचा नाही. मी रचला. ‘असे लेखकाचे मत आहे’ हे वाक्य खोटे होते. आयुष्यात मी लेखी खोटे एवढेच लिहिले.

हे पत्र मंडळाला दाखव. चोरी झाली असेल तर ती माझी आहे, तुझी नाही. तुझ्या हाताला माझ्यामुळे डाग लागला तर मला सहन होणार नाही.

उरलेले पुस्तक पाठवत आहे. उघडताना झटक.

अनंत सामंत


मुलुंड,
१२ जानेवारी १९८७

ती. मामा,

आधी एक सांगते. तुमचं पत्र वाचून मी रडले, मग हसले, मग जयवंतला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, ‘तुझा मामा म्हणजे लई भारी माणूस आहे.’ तुम्हाला लाज वाटली कशाची? मी तर दोन दिवस ताठ मानेने पट्ट्यावर उभी होते. माझ्या मामाने जादू रचली! तीस जादूगारांना पकडता आली नाही अशी! घरी बसून, आपल्याच बागेतल्या सुपाऱ्यांनी!

काल सभेत मी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यातून भुसा पडला. तो तिसरा म्हणाला, ‘हे काय?’ म्हटलं, पुरावा. आणि उभं राहून तुमचं पत्र वाचलं. अख्खं. वाळवीपासून खडूपर्यंत. ‘लेखी खोटे एवढेच लिहिले’ इथे माझा आवाज गेला, तेव्हा पाणी दिलं ते त्याच तिसऱ्याने.

चंद्रप्रकाशांनी तुमचं ऑक्टोबरचं, पायऱ्यांचं पत्रही मागून घेऊन वाचलं. मग म्हणाले, ‘हे तुझे मामा स्टेजवर कधी गेलेत?’ म्हटलं, वर्गावर गेलेत. ते म्हणाले, ‘म्हणूनच.’

मग मात्र त्यांनी मला पकडलं. म्हणाले, ‘पत्रात अंगठ्याच्या मुळाशी लिहिलंय. तू तिथे धरली नव्हतीस. मी अंगठ्यावरच नजर ठेवून होतो.’

मामा, आता माझी कबुली. तुमची तिसरी पायरी मला जमलीच नाही. सुपारी गोल, अंगठ्यातून सटकायची. आठ दिवस केलं, आठ दिवस सटकली. मला वाटलं, पुस्तक चुकणार नाही, मामा तर नाहीच नाही, म्हणजे मीच ढ. तुम्हाला कळवायला जीभ रेटेना. शेवटी एका सकाळी कंटाळून तिला बुचासारखी करंगळीत घेतली. बसली! जणू तिथलीच होती. ‘थोडा वेळ लागला’ असं तुम्हाला लिहिलं ते हे.

मी हात पुढे केला. तिघांनी माझी वाकडी करंगळी पाहिली. मी ती लग्नातसुद्धा पदराखाली लपवली होती. चंद्रप्रकाशांनी स्वतः करून बघितलं. सुपारी दोनदा खाली पडली. ‘किती दिवस लागतात याला?’ म्हटलं, ‘दहा वर्षं. रोज आठ तास. वर ओव्हरटाइम.’ यावेळी हॉल हसला ना मामा, तो माझ्या बाजूने हसला.

मी सभासद झाले. असिस्टंट नाही, जादूगार. मंडळाची एक वही आहे, नवीन जादू आली की रचणाऱ्याचं नाव त्यात लिहितात. काल लिहिलं: ‘एकोणतिसाची मूठ. रचना: अनंत सामंत, कुडाळ, आणि प्रेमा जयवंत परब, मुलुंड.’ मी तीनदा वाचलं.

आता रागवा बघू मला.

प्रेमा


कुडाळ,
२ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. प्रेमा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या किती चुका आहेत ते मोजले नाही. मोजायला बसलो होतो, चष्म्याची काच धूसर झाली.

चौतीस वर्षांत माझी चूक एकाही विद्यार्थ्याने दाखवली नाही. चुका होत नव्हत्या असे नाही, मुले घाबरत होती. तूही घाबरलीस. पण तू चूक नुसती झाकली नाहीस, दुरुस्त केलीस, आणि ती दुरुस्ती माझ्या मूळ लेखनापेक्षा सरस निघाली. याचा मला किती अभिमान वाटतो ते लिहिण्याइतके माझे मराठी चांगले नाही.

फक्त वहीतला क्रम चुकला आहे. ज्याला जमते त्याचे नाव आधी येते. तुझे नाव वर लिहून घे. लाल शाईने.

आता येथली हकीगत. परवा शाळेचे स्नेहसंमेलन होते. मला माजी मुख्याध्यापक म्हणून चार शब्द बोलायला बोलावले. मी चार शब्द बोललो नाही. खिशातून सुपाऱ्या काढल्या. मामीने पुढच्या रांगेत डोक्याला हात लावला. हल्लीच्या मुख्याध्यापकांना वर बोलावले, त्यांच्या मुठीत सुपाऱ्या दिल्या, आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावला. चौथी मी तुझ्या पद्धतीने करंगळीत धरली होती.

ती पडली. सगळ्या शाळेसमोर टणटणत पायऱ्यांवरून खाली गेली. माझ्या वर्गात मोठ्याने श्वास घेण्याची ज्यांची छाती झाली नाही, त्यांची नातवंडे पोट धरून हसली.

पूर्वी असे झाले असते तर मी महिनाभर घराबाहेर पडलो नसतो. परवा मी माइक हातात घेतला आणि सांगितले, ‘मुलांनो, या जादूचे डोके तेवढे इथे आहे. हात मुलुंडला असतात. ते माझ्या भाचीचे आहेत. याच शाळेची विद्यार्थिनी, इंग्रजीत पस्तीस गुण.’ तुझ्या नावाने टाळ्या झाल्या. मी त्या पुऱ्या होईपर्यंत उभा राहून ऐकल्या.

मुलांनी विचारले, त्या कधी येणार? मी तुला न विचारताच मे महिना सांगून टाकला आहे. जयवंतरावांना घेऊन ये. बांगड्या घरीच ठेव, हात तेवढे आण.

तुझा,
अनंतमामा